झालरीखालची घडी

ती मुलगी पुढे जगज्जेती वगैरे झाली नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वाचणारा शेवटपर्यंत पदकाची वाट बघत बसायचा आणि मग माझ्यावर चिडायचा. बर्फावर नाचणाऱ्या त्या मुलीचा पोशाख मी शिवला होता, आणि त्या पोशाखाच्या आत मी जे ठेवलं त्यावरून दोन घरांत बरेच दिवस कुरबुर चालली. तेवढीच ही गोष्ट.

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं. नवरा गॅसच्या प्रकल्पावर इंजिनियर, आणि आम्ही कतारमध्ये, दोह्याजवळच्या अल रय्यानमध्ये एका आवाराच्या आत, सारख्या दिसणाऱ्या घरांपैकी एका घरात राहायचो. नाशिकहून येताना मी शिलाई मशीन सोबत आणलं होतं. नवऱ्याने विमानतळावर हात जोडले, पण मी ऐकलं नाही. त्या मशीनवर मी महाराष्ट्र मंडळातल्या निम्म्या बायकांचे ब्लाऊज शिवले. वेळ जावा म्हणून शिवत होते असं लोक समजायचे. खरं म्हणजे मला माणसांच्या घरात नाक खुपसायला आवडतं, आणि माप घेताना बायका जेवढं बोलतात तेवढं एरवी कधीच बोलत नाहीत.

त्याच सुमारास शहरातल्या एका मोठ्या मॉलमध्ये बर्फाचं मैदान सुरू झालं. बाहेर गाडीच्या दाराला हात लावला तर चटका बसायचा आणि आत लोक स्वेटर घालून घसरत होते. माझ्या मुलीच्या वर्गातल्या कुणाचा तरी वाढदिवस तिथे होता, म्हणून आम्ही गेलो. सगळी पोरं कठड्याला धरून, पाय फाकवून उभी. आणि मधोमध एक बारीकशी मुलगी उलटी, पाठमोरी, सुसाट जात होती. मान वळवून मागे बघायची, मग एकदम उडी मारायची, हवेतच गिरकी घ्यायची आणि एका पायावर उतरायची. मी कॉफी हातात धरून तशीच उभी राहिले. माझी मुलगी दहा वेळा म्हणाली, "आई, आय अॅम फ्रीझिंग, कॅन वी गो?" मी म्हटलं, "तू जा, गाडीत बस."

कठड्यापाशी उभी असलेली बाई तिची आई होती. उंच, सरळ, केस मागे घट्ट बांधलेले. मी तिला विचारलं, मुलीला चक्कर येत नाही का? तिने माझ्याकडे जरा संशयाने पाहिलं आणि म्हणाली, "येते. रोज येते. मग सवय होते." मी विचारलं, पडते तेव्हा काय लागतं? "कंबर." हा बर्फ कुठून आणतात? त्यावर ती हसली. आमचं दोघींचं इंग्रजी सारखंच मोडकं, त्यामुळे आमचं छान जमलं. बोलता बोलता कळलं की त्या आमच्याच आवारात, मागच्या ओळीत राहतात. तिचा नवराही प्रकल्पावर होता. ती माणसं स्लोव्हाकियाची. माझ्या शाळेच्या नकाशात चेकोस्लोव्हाकिया हा एकच देश होता. "तो फुटून काही वर्षं झाली," नवरा घरी आल्यावर म्हणाला. मला कुणी कळवलं नव्हतं.

मग मी त्यांच्या मागेच लागले. मॉल उघडण्याआधी सकाळी मैदान रिकामं असायचं आणि तिथल्या व्यवस्थापकाने त्यांना सरावाची परवानगी दिली होती. माझ्या मुलीला शाळेत सोडायला जायचं नसेल त्या दिवशी मीही शाल गुंडाळून जाऊन बसायचे. आईच मुलीला शिकवायची. पूर्वी ती स्वतःही खेळायची, चांगल्या पातळीवर. मुलगी माझ्या मुलीपेक्षा थोडीच मोठी, चौदा पूर्ण. तिच्या बुटाचं पातं मी हातात घेऊन पाहिलं. मला वाटलं होतं विळीसारखी एक धार असेल. तसं नसतं. त्याला दोन धारा असतात आणि मधे बारीक खोबण. कुठल्या धारेवर अंग टाकायचं यावर सगळं अवलंबून. उड्या बहुतेक सगळ्या पाठमोऱ्या मारतात. एकच उडी समोर तोंड करून मारायची असते, आणि म्हणून तिच्यात अर्धी गिरकी जास्त घ्यावी लागते. ती दोन गिरक्यांची करायची म्हणजे अडीच होतात. त्या मुलीचा सगळा जीव त्या अडीच गिरक्यांत अडकला होता.

कारण असं की जानेवारीत त्यांच्या देशात मुलामुलींची राष्ट्रीय स्पर्धा होती. तिथून संघ निवडणार होते. संघात जागा मिळाली तर दर उन्हाळ्यात तिकडे जाऊन मोठ्या प्रशिक्षकाकडे सराव, पुढच्या स्पर्धा, सगळं. नाही मिळाली तर? मी विचारलंच. आईने तळहात आडवा फिरवला. "खलास." अरबीतला हा एकच शब्द तिने उचलला होता आणि तो ती सगळ्याला वापरायची. दूध संपलं, खलास. नवरा साइटवर गेला, खलास. मुलीचं खेळणं बंद, खलास. मुलगी शेजारीच बुटाची नाडी ओढत बसली होती. तिने वर पाहिलं नाही.

मला वाईट वाटलं आणि रागही आला. इतकी वर्षं पहाटे उठवून बर्फावर आपटून घेतलेल्या पोरीला असं आडव्या हाताने पुसून टाकायचं? पण पुढे एकदा तीच बाई, मी काही न विचारता, म्हणाली, "मी पंधरा वर्षांची होते. एका वर्षात वाढले. इतकी." तिने आपल्या खांद्यापासून डोक्यापर्यंत हात नेला. "उड्या गेल्या. एकेक करून. दोन वर्षं शोधल्या. खलास." मला ते तेव्हा नीट समजलं नाही. उंच झालं तर उडी आणखी उंच जायला हवी, नाही का? ते मला मुलीने समजावलं. बारीक, आखूड अंग हवेत पटकन फिरतं. हातपाय लांब झाले की तेच अंग सावकाश फिरतं, आणि कुठे काय आहे याचा अंदाजच चुकतो. मी म्हटलं, म्हणजे नव्या घरात अंधारात दिव्याचं बटण सापडत नाही, तसं. ती म्हणाली, "हो आंटी, अगदी तसंच. आणि बटण शोधताना आपटायचं."

ऑक्टोबरात त्या मुलीची आई आमच्या घरी आली. स्पर्धेचा जुना पोशाख पिशवीत होता. खांद्यावर विरला होता, आणि बाहीला शिवण उसवून परत घातलेली. तिकडचा शिंपी दूर, इथे कुणी ओळखीचं नाही. "तुला येईल?" मी हो म्हणून बसले. ताणणारं कापड मी आयुष्यात शिवलं नव्हतं, पण ते सांगायची काय गरज?

कापडासाठी मी दोह्यातल्या मुशैरिब भागात गेले. तेव्हा तिथे जुन्या इमारती, गल्लीबोळ, खालच्या मजल्यावर कापडाची आणि इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं होती. एका दुकानात रत्नागिरीकडचे एक चाचा बसायचे. त्यांच्याकडे गेलं की मला माझं मोडकं इंग्रजी काउंटरवर काढून ठेवल्यासारखं हलकं वाटायचं. मी सांगितलं, बर्फावर खेळायच्या मुलीसाठी हवंय. त्यांनी चष्मा वर केला. "बर्फावर? कतारात?" मग एक गठ्ठा ओढून काढला, गडद निळा. "ह्या घ्या. चारी बाजूनी ताणतंय. आमच्या पोरींच्या स्विमिंगवाल्या ड्रेसला हेच नेतात. ती पडली तर फाटायचा नाय. पन पोरगी कशाला पडंल, इन्शाल्ला?"

पहिला नमुना साध्या टाक्याने शिवला. त्या मुलीने हात वर केला आणि शिवण तटकन तुटली. कापड ताणतं, दोरा ताणत नाही. मग नागमोडी टाका लावून सगळं परत केलं. त्यातून आणखी एक गोष्ट शिकले. खेळताना पोशाखावरची एक टिकली जरी बर्फावर पडली तरी गुण कापतात. माझ्या आईने लग्नाच्या साड्यांवर भरलेल्या टिकल्या अजून टिकून आहेत, मी म्हटलं, माझ्या पडणार नाहीत. प्रत्येक टिकलीला मागून गाठ मारली.

आता घडीचं सांगते. आमच्याकडे वाढत्या मुलीचा कपडा शिवताना आत जास्तीचं कापड ठेवायचंच असतं. फ्रॉकला घेराच्या आतून चूण, बाहीला दुमड, कुर्त्याच्या बाजूच्या शिवणीत माया. पुढच्या दिवाळीला उसवायची, इस्त्री फिरवायची, फ्रॉक नवा. घेरावर जुन्या दुमडीची गडद रेघ दिसते. माझ्या सगळ्या लहानपणाच्या फ्रॉकवर ती होती. मी ते विचार करून करतच नाही, कात्रीच तसं कापते. अंगाला चिकटणाऱ्या पोशाखात माया ठेवायची कुठे, एवढाच प्रश्न होता. उंची वाढली की असला कपडा खांद्यापासून खाली ओढतो, म्हणजे घडी आडवी हवी. मी ती कमरेला घातली. स्कर्टसारखी आखूड झालर जिथे जोडली होती त्याच्या आत, बारीक, सपाट, तिरप्या टाक्यांनी बसवलेली. वरून झालर. कुणाच्या बापाला दिसली नसती. बाह्यांच्या टोकाला दोन दुमडी. मी स्वतःवर फार खूश होते.

आईला मात्र ती सापडली. दिवाळीच्या आसपासची गोष्ट. मी फराळाचं ताट पाठवलं होतं आणि त्यांनी ते परत केलं ते लाडूंसकट. वर चिठ्ठी, धन्यवाद. आमच्याकडे कुणाचं ताट रिकामं परत करत नाहीत, पण आमचेच लाडू आम्हाला परत? मी दिवसभर धुसफुसत होते. म्हणून ती पोशाख बघायला आली तेव्हा मी आधीच जरा ताठ बसले होते. तिने पोशाख उलटा केला, कमरेवरून अंगठा फिरवला आणि थांबली.

"हे काय आहे?"

"वाढेल ना ती. तेव्हा उसवायचं."

"ती वाढणार नाही."

मी हसले. मला वाटलं थट्टा करते आहे. तिच्या चेहऱ्यावर थट्टेचं काही नव्हतं. चौदा वर्षांच्या मुलीबद्दल कुठली आई असं बोलते? माझ्या तोंडात आलं होतं, बाई, सगळ्यांचीच पोरं वाढतात, तुझ्या पोरीला कुंडीत लावलंय का? पण तिची मुलगी दारात उभी होती.

"जड होतं," आई म्हणाली. "काप. खलास."

"उद्या करते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी एकटीच आली. माझी मुलगी अभ्यास करत होती. दोघींचं इंग्रजीत काहीतरी खुसुखुसु झालं आणि मग ती माझ्या मशीनपाशी येऊन उभी राहिली. पोशाख तिथेच होता. तिने तो उलटा केला, घडीच्या दोन्ही कडांवर बोटं ठेवली आणि विचारलं, "आंटी, हे किती आहे? म्हणजे तुम्हाला वाटतं मी एवढी वाढेन?"

असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी खरं ते सांगितलं. तुझे बाबा उंच. आई उंच. तुझी मनगटं बघ, बाहीच्या बाहेर आली आहेत. पावलं बघ. मी काही ज्योतिषी नाही, पण मी आजवर बऱ्याच पोरींची मापं घेतली आहेत. ती ऐकत राहिली. तिला वाईट वाटेल असं मला वाटत होतं. पण तिच्या चेहऱ्यावर वेगळंच काही होतं. कुतूहल म्हणेन मी, आपण पुढे कशा दिसू याचं. मग तिने सांगितलं की बूट केव्हाचे चावताहेत. आईला सांगितलेलं नाही. ती अडीच गिरक्यांची उडी मार्चपर्यंत रोज जमायची, आता कधीतरीच जमते. आईला वाटतं, आळस. "मला आळस नाही आंटी," ती म्हणाली आणि तिचे डोळे भरून आले.

मी तिला जवळ घेतलं. लाडू दिला, तिने खाल्ला. आणखी एक मागितला.

"हे कापू नका," जाताना ती घडीवर हात ठेवून म्हणाली.

मी कापलं नाही. घडी आणखी सपाट करून बसवली आणि उसवायची कशी ते तिला दाखवलं. ब्लेडने एक टाका सोडून एक कापायचा आणि मग दोरा ओढायचा, कापडाला ब्लेड लागू द्यायचं नाही. तिने दोन वेळा करून बघितलं. आईला मी पोशाख देताना नुसतं "खलास" म्हणाले. मला त्याचं तेव्हाही काही वाटलं नाही, आणि आजही वाटत नाही. कुठल्याही मुलीचं माप तिच्या आईच्या भीतीवरून घ्यायचं नसतं, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

जानेवारीत त्या दोघी गेल्या. मी रोज नवऱ्याला विचारायचे, तिच्या वडलांकडून काही कळलं का? तो म्हणायचा, "मी साइटवर पाइप बघतो, गिरक्या नाही." माझी मुलगी इंटरनेटवर शोधायला बसली. एक पान सापडलं, पण त्यांच्या भाषेत, आणि नुसते आकडे. मी ते उलटंसुलटं बघितलं. त्यातून काय कळणार? माझ्याच मुलीचा निकाल असल्यासारखा मला पूर्ण हक्काने ताण आला होता, आणि नवरा हसला तरी मला त्याची पर्वा नव्हती.

त्या परत आल्या आणि चार-पाच दिवस कुणी फिरकलं नाही. मी ओळखलं. मग एका सकाळी, मुली शाळेत असताना, आई आली. हातात तीच पिशवी. चहा नको म्हणाली, मग घेतला. पिशवीतून पोशाख काढून तिने माझ्यासमोर मेजावर ठेवला, उलटा.

कमरेची घडी नव्हती. पूर्ण सोडलेली होती. झालर परत जोडली होती ती हाताने, पांढऱ्या दोऱ्याने. मोठे, वाकडे, घट्ट टाके, एकावर एक, ज्याने कधी सुई धरली नाही त्याचे. बाह्यांच्या दुमडीही सोडलेल्या. निळ्या कापडावर माझ्या जुन्या दुमडीची गडद रेघ तशीच दिसत होती.

"सकाळच्या सरावाला," ती म्हणाली, "तिचा हात वर जात नव्हता. मी ओरडले. मला वाटलं, घाबरली म्हणून निमित्त काढते आहे. तिने तिथेच सगळ्यांसमोर पोशाख उतरवला, उलटा केला, मला दाखवला. तिच्याकडे ब्लेड होतं. मी म्हटलं, दे इकडे. मी उसवलं. हॉटेलात मिळालेल्या दोऱ्याने शिवलं."

"आणि उडी?"

"पडली." तिने तळहात मेजावर आपटून दाखवला. "दोनदा. संघात नाही."

कपाला हात लावून बसले. मला आतून फार दुखलं. तो तळहात आता आडवा फिरणार, मी त्याच्याकडेच बघत होते.

"पण उडी सोडून बाकीचं," ती म्हणाली आणि शब्द शोधू लागली. तिला इंग्रजी सापडेना. तिने आपला हात लांब केला, खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत, आणि हळूच फिरवला. तिचा हात किती लांब आहे हे मी तोवर कधी पाहिलंच नव्हतं. "अशी दिसत होती. लांब. मी तिला अशी कधी पाहिली नव्हती. मी शिकवताना फक्त पाय बघायचे."

मग तिने पिशवीत परत हात घातला आणि कापड काढलं. तिकडून आणलेलं, गर्द लाल, ताणणारं. ते माझ्या मशीनवर ठेवून तिने पोशाखाची कमर उचलली आणि माझ्या त्या गडद रेघेवर अंगठा टेकवला. मी म्हटलं, हो, समजलं, एवढीच घडी ठेवते.

"नाही," ती म्हणाली आणि अंगठ्यापासून करंगळी जेवढी जाईल तेवढी लांब ताणली. "इतकी ठेव."